धूळ अडावी, श्वास अडू नये

मृग नक्षत्र लागलं की हैदराबादच्या नामपल्ली प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रुग्णांच्या रांगा लागतात. बथिनी गौड कुटुंबाचे लोक मरळ माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात औषधाची गोळी घालतात आणि ते पिल्लू रुग्णाला गिळायला देतात. मासे न खाणाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं. महाराष्ट्रातूनही मोठ्या संख्येने माणसं तिथे येतात. करोनामुळे तीन वर्षं हे वाटप बंद होतं, ते २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्या औषधाला गुण किती, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे रांगेतल्या माणसांचा. वाहनांचा धूर, बांधकामाची सिमेंटधूळ, शेतातली काडीकचरा जाळल्याची राख, यांतलं काहीही त्यांचा दम उसळवू शकतं. म्हणजे चांगल्या मास्कची गरज सगळ्यांत जास्त त्यांना. आणि चांगला म्हणवला जाणारा मास्क सगळ्यांत कमी वेळ सोसवतो तोही त्यांनाच, कारण तो घातला की श्वास ओढायला जोर लागतो.

हा पेच कापडाच्या पोटात आहे. कापड जितकं जास्त अडवेल तितकं ते हवेलाही अडवतं. अमेरिकेच्या एन-९५ मानकात दोन्ही गोष्टी मोजल्या जातात. मिनिटाला ८५ लिटर हवा कापडातून ओढायची. किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडले पाहिजेत आणि श्वास आत घेतानाचा विरोध ३५ मिलिमीटर पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असता कामा नये. धडधाकट माणसाला हा विरोध थोडा वेळ जाणवतही नाही. पण ज्याच्या श्वासनलिका आधीच आवळल्या आहेत, त्याच्या छातीला तो लगेच कळतो. जाहिरातींत ९५, ९८, ९९ हे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, दुसरा आकडा कुठेच नसतो. माझ्या मते मास्कची खरी परीक्षा त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

पदर वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे साध्या हिशेबाने दिसतं. समजा, कापडाचा एक पदर शंभरातले ३० कण अडवतो आणि ७० सोडतो. दुसरा पदर त्या ७० मधले ३० टक्के अडवेल, म्हणजे ४९ कण पलीकडे जातील. असं करत ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला तब्बल नऊ पदर लागतात. श्वासाचा विरोध मात्र सरळ बेरजेने वाढतो: नऊ पदर, नऊपट विरोध. करोनाच्या सुरुवातीला घरोघरी रुमालाच्या घड्यांवर घड्या घालून मास्क शिवले गेले, ते सगळे या हिशेबापाशी अडले. घड्या वाढल्या तसं गुदमरायला झालं आणि मास्क हनुवटीवर उतरला.

मास्क म्हणजे बारीक चाळण, ही आपली समजूत इथे आड येते. चाळणीत भोकापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान कण पडून जातो. मास्कच्या कापडात तसं होत नाही. त्यातल्या फटी अडलेल्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. हवा वेड्यावाकड्या तंतूंच्या जंगलातून वळणं घेत जाते. जड कणाला ती वळणं जमत नाहीत, तो सरळ जाऊन तंतूवर आपटतो. अगदी हलका कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतो आणि भरकटता भरकटता तंतूला लागतो. एकदा लागला की या लहानशा जगात चिकटून राहायला रेणूंमधलं क्षीण आकर्षणही पुरतं. अडचण मधल्या कणांची आहे: वळण चुकण्याइतके ते जड नाहीत आणि भरकटण्याइतके हलकेही नाहीत. हा निसटणारा आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो. गाळणीची परीक्षा याच आकाराभोवती घेतात, त्याचं कारण हे आहे. त्याहून लहान कण सहज निसटतील अशी भीती अनेकांना वाटते. खरं तर लहान होत गेलेले कण पुन्हा जास्त पकडले जातात.

मग आजचा एन-९५ ही कसरत कशी साधतो? विजेच्या भाराने. त्याचा मधला पदर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने उडवून त्याचे एक ते पाच मायक्रॉन जाडीचे तंतू करतात; या कापडाला मेल्टब्लोन म्हणतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, तेव्हा हे तंतू बारीकच. पण नुसत्या बारीकपणावर ९५ टक्के गाठता येत नाहीत. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या कापडात टिकाऊ विद्युतभार भरण्याची रीत काढली. भारित तंतू जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेतो, म्हणून कापड विरळ ठेवूनही काम होतं आणि श्वास मोकळा राहतो. ही फार सुंदर युक्ती आहे. करोनाची साथ आली तेव्हा निवृत्त झालेले त्साय पुन्हा कामाला लागले, मास्क निर्जंतुक कसे करावेत याचे प्रयोग करू लागले.

युक्तीची मर्यादाही त्या काळात सगळ्यांना भेटली. मास्क मिळेनात, तेव्हा लोकांनी एन-९५ साबणाने धुतले, सॅनिटायझर फवारून वाळवले. अल्कोहोलने तंतूंवरचा भार उतरतो. कापड तेच दिसतं, तसंच वाटतं, फाटलेलं नसतं. कण पकडायची त्याची ताकद मात्र कितीतरी कमी झालेली असते आणि ते घालणाऱ्याला कळायचा काही मार्ग नसतो. तेलकट धुरानेही भार मारला जातो. एन-९५ मधला ‘एन’ नेमकं हेच सांगतो: तेलाच्या कणांपुढे हा टिकण्याची हमी नाही. दिवसभर कढईपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

विद्युतभारावर भिस्त न ठेवता तंतूच आणखी बारीक केला तर? इथून नॅनोतंतूंची गोष्ट सुरू होते. साध्या नॉन-वोवन, म्हणजे न विणलेल्या, कापडावर १०० ते ३०० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचा अगदी पातळ थर बसवायचा. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर; म्हणजे हा तंतू मेल्टब्लोनच्या तंतूपेक्षा दहापट बारीक. ०.३ मायक्रॉनचा अवघड कण दोन मायक्रॉनच्या तंतूपाशी आला, तर हवेबरोबर त्याला वळसा घालून निघून जाऊ शकतो. ०.२ मायक्रॉनच्या तंतूपाशी आला, तर तंतूपेक्षा तो कणच जाड असतो. शेजारून जाता जाता त्याची कड तंतूला घासते आणि तो अडकतो.

पण खरी गंमत हवेच्या बाजूला आहे. जाड तंतूला टेकलेला हवेचा थर जणू थांबलेला असतो, त्यावरून पुढचा थर रखडतो, आणि या रखडण्यालाच आपण श्वासाचा विरोध म्हणून अनुभवतो. हवेतला रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सरासरी ६५ ते ७० नॅनोमीटर मोकळा जातो. तंतूची जाडी या अंतराच्या जवळपास उतरली की हवा त्याच्याशी अखंड प्रवाहासारखी वागत नाही. तंतूच्या पृष्ठावर ती थांबत नाही, घसरून पुढे जाते. त्यामुळे तंतू बारीक झाल्यावर विरोध जितका वाढायला हवा होता तितका वाढत नाही. कण अडतो, हवा सटकते. वर सांगितलेल्या पेचातून निसर्गानेच ठेवलेली ही वाट आहे आणि ती नॅनोमीटरच्या जगात गेल्याशिवाय उघडत नाही.

किती माल लागतो, तेही पाहण्यासारखं आहे. एक ग्रॅम नायलॉनचा दोन मायक्रॉन जाडीचा तंतू काढला तर तो सुमारे २८० किलोमीटर भरेल. तोच ०.२ मायक्रॉनचा काढला तर लांबी शंभरपट होते: २८ हजार किलोमीटर. मास्कवर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम लेप धरू आणि मास्कचं कापड साधारण ०.०२ चौरस मीटर. म्हणजे एका मास्कला दहा मिलिग्रॅम नायलॉन पुरतं, आणि त्या दहा मिलिग्रॅमचा तंतू उलगडला तर सोलापुराहून निघून जवळजवळ हैदराबादेपर्यंत येईल.

विरोध कमी असण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मास्क चेहऱ्यावर शंभर टक्के बसत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाशी, दाढी असेल तर हनुवटीशी फटी राहतात. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. कापड जितकं दाट, तितकी जास्त हवा त्या फटींतून न गाळता आत येते. त्यामुळे प्रयोगशाळेत ९९ टक्के अडवणारं कोंदट कापड चेहऱ्यावर आल्यावर हलक्या कापडापेक्षा वाईट ठरू शकतं. श्वासाला सोपं कापड मात्र हवेला स्वतःतूनच जाऊ देतं. फटी तितक्याच राहिल्या तरी त्यांतून येणारा वाटा घटतो. दमेकऱ्याची सोय आणि सगळ्यांची सुरक्षितता इथे एकाच गोष्टीवर येऊन ठरते.

सोलापूरकडून राष्ट्रीय महामार्ग ६५ ने हैदराबादला जाताना झहीराबाद आणि संगारेड्डी मागे पडलं की कंदी गावाजवळ आयआयटी हैदराबादचं आवार लागतं. तिथल्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात डॉ. चंद्रशेखर शर्मा यांचा गट बरीच वर्षं नॅनोतंतूंवर काम करतो आहे. २०१६ मध्ये या गटाने सेल्युलोज ॲसिटेटच्या नॅनोतंतूंचं संशोधन प्रसिद्ध केलं. सॅनिटरी नॅपकिनमध्ये पाणी शोषून फुगणारी कृत्रिम रसायनं न घालता नुसत्या तंतूंनी शोषण कसं वाढवता येईल, हा त्याचा विषय होता. २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) दिवसांत, ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाची तोंडाने घ्यायची नॅनोतंतूंची गोळी याच संस्थेतून पुढे आली. मुळात ती काळा आजारासाठी तयार होत होती. मास्क, नॅपकिन, गोळी या तीन वस्तू एकमेकींपासून दूरच्या वाटतात, पण तिन्हींच्या मुळाशी तंतू काढण्याची एकच रीत आहे.

ती रीत म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग. पॉलिमर योग्य द्रावकात विरघळवायचा, नायलॉन असेल तर फॉर्मिक आम्लात. द्रावण पिचकारीत भरायचं, सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि वीतभर अंतरावर जमिनीला जोडलेला पत्रा किंवा फिरता रूळ ठेवायचा. सुईच्या टोकावरचा थेंब विजेच्या ओढीने शंकूसारखा होतो. जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या टोकातून एक धार सुटते. धारेवरचे सारखे भार एकमेकांना ढकलतात, धार हवेत चाबकासारखी फेकली जाते, ताणली जाते, द्रावक उडून जातो, आणि रुळावर पोचतो तो कोरडा, डोळ्यांना न दिसणारा तंतू. रुळावर आधीच नॉन-वोवन कापड गुंडाळलेलं असलं की लेप त्यावरच बसतो. वाचताना सोपं वाटतं, पण हवामान जरा बदललं तरी गणित बिघडतं. द्रावण पातळ झालं तर तंतूऐवजी मण्यांची माळ पडते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत थेंब सुईच्या टोकावरच वाळून तोंड बंद करतो, तर पावसाळी दमट हवेत द्रावक वेळेत उडत नाही आणि तंतू एकमेकांत मिसळून जातात.

मास्कशी या रीतीचं नातं करोनापेक्षा फार जुनं आहे. तिची पेटंटं १९०२ पासूनची आहेत, पण तिचा पहिला मोठा उपयोग सोव्हिएत संघात झाला. मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेत रोझेनब्लूम आणि पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांनी १९३८ मध्ये असे तंतू काढले आणि पुढच्याच वर्षी त्वेरमध्ये सैनिकांच्या गॅस मास्कच्या गाळण्या बनवणारा कारखाना उभा राहिला. पेत्र्यानोव्ह यांच्या नावाच्या कापडापासून पुढे ‘लेपेस्तोक’, म्हणजे पाकळी, नावाचा हलका मास्क झाला. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या सफाईला गेलेल्या माणसांच्या तोंडावर तो होता. हे काम पडद्याआड राहिलं आणि बाकीच्या जगाने ती रीत १९९० च्या दशकात जवळजवळ नव्याने हाती घेतली. अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर आणि त्यांचे सहकारी जयेश दोशी यांचा १९९५ चा लेख त्यातला महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना खरा अडसर वेगाचा येतो. एका सुईतून तासाला एक मिलिलिटर द्रावण जातं आणि त्यात पॉलिमर दहा टक्के असतो, असं धरा. तासाला ०.१ ग्रॅम तंतू निघेल, म्हणजे वरच्या हिशेबाने दहा मास्कांपुरता. लाखो मास्क हवे असतील तर सुया वाढवाव्या लागतात, नाहीतर सुईच काढून टाकावी लागते. चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सच्या तांत्रिक विद्यापीठात ओल्द्रिख यिर्साक यांनी दुसरी वाट धरली. द्रावणाने ओल्या झालेल्या फिरत्या रुळावरून हजारो धारा एकदम उठू द्यायच्या. एल्मार्को कंपनीची ‘नॅनोस्पायडर’ यंत्रं त्यातून आली. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत डॉ. संदीप पाटील यांनी २०१० मध्ये ई-स्पिन नॅनोटेक काढली. आधी इलेक्ट्रोस्पिनिंगची यंत्रं बनवली आणि मग त्याच ज्ञानावर ‘स्वासा’ हे मास्क बाजारात आणले. आयात यंत्रावर न थांबता यंत्र इथेच घडवायचं, हा त्यातला भाग मला मास्कइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला, बालापूरला, एआरसीआय ही पावडर मेटलर्जी आणि नव्या पदार्थांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिनेही मास्कच्या कापडावर नॅनो लेप दिला, पण तो वेगळा. तिथे द्रावणाची ज्योत पेटवून तांब्यावर आधारित सुमारे २० नॅनोमीटरचे कण तयार केले आणि बाइंडर वापरून सुती कापडावर बसवले. हबसीगुड्याच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत ते कापड करोना विषाणूवर तपासलं, तेव्हा ९९.९ टक्के विषाणू निष्प्रभ झाल्याचं आढळलं. बंगळुरूच्या रेसिल केमिकल्सने त्याचे मास्क बनवले. हे काम मोलाचं आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तांब्याचा कण कापडावर येऊन बसलेल्या विषाणूला मारतो. मास्क पुन्हा हाताळताना, कचऱ्यात टाकताना त्याचा उपयोग होतो. कापडातून सुटून जाणाऱ्या कणाला मात्र तो पकडत नाही. नॅनोतंतू पकडतो, मारत नाही. पाकिटावर नुसतं ‘नॅनो’ लिहिलेलं असतं तेव्हा यातलं कुठलं, हे विचारायलाच हवं.

पकडणंच का महत्त्वाचं, तेही सीसीएमबीच्याच एका कामातून दिसतं. करोनाकाळात तिथल्या शास्त्रज्ञांनी चंदीगडच्या आयएमटेक संस्थेबरोबर हैदराबाद आणि मोहालीतल्या रुग्णालयांतली हवा तपासली. ज्या खोल्यांत जास्त रुग्ण होते, तिथल्या हवेत विषाणू सापडण्याचं प्रमाण जास्त होतं. धोका हवेत तरंगत असेल, तर तो नाकापाशीच अडवावा लागतो.

नॅनोतंतूंचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण विकणारे ते सांगणार नाहीत. थर इतका पातळ असतो की घडी पडली, घासलं गेलं, तर कापडावरून सुटू शकतो. म्हणून तो दोन पदरांच्या मध्ये बंद असावा. चेहऱ्याकडच्या बाजूला उघडा कधीच नसावा, तुटलेला तंतू श्वासात जाता कामा नये. दुसरा दोष धुळीचा. मेल्टब्लोनचा जाड थर धूळ आपल्या खोलीत सामावून घेतो. नॅनोथराला खोलीच नसल्यामुळे धूळ वरच साचते आणि विरोध लवकर चढतो. शहरात दुचाकीवरून फिरणाऱ्याला तो उत्तम. दगड फोडणाऱ्या, वाळूने घासकाम करणाऱ्या कामगाराला मात्र तोच मास्क काही तासांत जड होऊ शकतो. त्याच्यासाठी आधी जाड गाळणारा पदर आणि मग नॅनोथर, अशी रचना लागेल. तिसरी गोष्ट द्रावकांची. काही पॉलिमर ज्या द्रावकांत विरघळतात ते यकृताला घातक आहेत. कारखान्यात त्यांची वाफ गोळा करण्याची सोय नसेल, तर एकाची छाती वाचवताना दुसऱ्याचं यकृत पणाला लागेल.

मास्क निवडताना भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९४७३ हे मानक पाकिटावर आहे का ते पाहावं, झडपेचा मास्क गर्दीत टाळावा (केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये तसं कळवलंही होतं), आणि दुकानातच घालून जोरात श्वास ओढून पाहावा. कापड नाकाकडे ओढलं गेलं तर हवा त्यातून येते आहे. ते हललंच नाही आणि गालांशी गार झुळूक लागली तर ती फटीतून येते आहे.

उरतो प्रश्न टाकून दिलेल्या मास्कांचा. आजचे जवळजवळ सगळे मास्क पॉलिप्रॉपिलीनचे आहेत आणि ते मातीत कुजत नाहीत. इथे सेल्युलोज ॲसिटेटकडे पुन्हा पाहण्यासारखं आहे. सोव्हिएत कारखान्यातला पहिला तंतू त्याचाच होता आणि कंदीतल्या नॅपकिनचाही. झाडाच्या लगद्यापासून येणारा हा पदार्थ प्लास्टिकपेक्षा मातीला सोसवतो. पण नॅपकिनमध्ये जो गुण, तो मास्कमध्ये दोष ठरतो: तो पाणी शोषतो. तोंडाची वाफ तासन्‌तास लागल्यावर असे तंतू ओलसर होऊन एकमेकांना चिकटू शकतात, आणि तंतू चिकटले की ते जाड झाल्यासारखेच. मग घसरून जाणारी हवा पुन्हा रखडू लागते. म्हणून तंतू नैसर्गिक ठेवून त्याच्या पृष्ठाला पाणी नकोसं करणं, आणि तेही त्याची जाडी न वाढवता, हे काम आता करायचं आहे.